तीन बोटं पानथरी

साखरा, ४ ऑगस्ट

प्रभू,

आशीर्वाद. रागातले आशीर्वाद लागू पडतात की नाही ठाऊक नाही, पण मोठी बहीण आहे म्हणून देऊन ठेवते.

तुझा फोन मला लागत नाही. म्हणजे एकदा वाजतो आणि एक बाई गोड आवाजात सांगते की तू व्यस्त आहेस. सलग सहा वर्षं व्यस्त राहणं मंत्र्यालासुद्धा जमत नाही. म्हणून पत्र. बावीस वर्षं गावच्या पोस्टात बसून मी एवढंच शिकले, की माणूस पत्र फाडून टाकतो, पण वाचून मग फाडतो. तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडं नाही, चाकणच्या कंपनीच्या गेटवर पाठवते आहे. गेटवरचा वॉचमन बाईचं अक्षर बघून हसला तर सांग, आक्का आहे म्हणून.

राधिकाला ताप आहे. दहा दिवस झाले. गिळताना बाभळीचे काटे गिळल्यासारखं होतं म्हणते. मानेला दोन्हीकडं गाठी आल्यात, बोरं ओळीनं ठेवावीत तशा. आणि झोपते किती? तुझी लेक, जी पहाटे पाचला उठून शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा आखायची, ती आता जेवायला उठवलं तर घास तोंडात धरून झोपते.

आधी गावातच कुणीतरी दिलेल्या कॅप्सूल घेतल्या. तिसऱ्या दिवशी अंगभर लाल उठलं. शेजारच्या यशोदाबाईनं दारातूनच निकाल दिला, “गोवर हाय,” आणि आमच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचून गेली. सतरा वर्षांच्या घोडीला गोवर! मी डहाळा काढून शेळीला घातला आणि पोरीला सेनगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर आहे धम्मदीप, हट्टा गावचा. पोरगेलासा, अंगातला कोट खुंटीवर टांगल्यासारखा. पण बघतो निगुतीनं. घसा बघितला, गाठी चाचपल्या, रक्त काढलं आणि म्हणाला, “मावशी, ग्रंथींचा ताप आहे. विषाणूचा. त्या कॅप्सूलनंच अंगावर उठलंय, त्या बंद करा.”

“मग दुसरं औषध?”

“दुसरं नाही. आराम.”

“डॉक्टर, आराम आमच्या गावात पुरुष लोक आजार नसतानाच करून राहिलेत.”

हसला. म्हणाला, चार-सहा आठवडे लागतील.

सहा वर्षांपूर्वी परत जाताना तू म्हणाला होतास, “लेकराला काही झालं तर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईन.” त्यावेळी राधी तुझ्याबरोबर यायला तयार नव्हती, हे मी तुला सांगितलं होतंच. म्हणून आताही स्पष्ट लिहिते. काही झालेलं नाही. ताप आहे. ताप येणं म्हणजे काही होणं नव्हे.

आबा बरे आहेत. शंभर मेंढरं आणि एक मौन सांभाळून आहेत.

तुझी आक्का
चांगुणा


साखरा, १० ऑगस्ट

प्रभू,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

या आजाराला इंग्रजीत टोपणनाव काय आहे ठाऊक आहे? चुंबनाचा आजार. लाळेतून पसरतो म्हणून. मी मोबाइलवर वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. मग सरळ केला, पुन्हा वाचलं. पोरगी तापानं फणफणलेली, आणि मी तिच्या उशाशी बसून गावातली सतरा ते बावीसची सगळी पोरं मनातल्या मनात ओळीनं उभी करून एकेकाचं तोंड तपासत होते. शेवटी राहवलं नाही.

“राधे, खरं सांग. कुणासंगं...”

“कुणासंगं काय?”

“काही न्हाई. पाणी पी.”

“आत्या, तू काय वाचून राहिली?”

दाखवलं. ती हसायला गेली आणि घसा दुखून डोळ्यांत पाणी आलं. “अगं, आमच्या अख्ख्या टीमची एकच बाटली असती. बारा जणी तोंड लावून पितो. मग बाराजणींसंगं लावून दे माझं लगीन.”

बाटली! आणि मी निरपराध बारा-पंधरा पोरांवर मनातल्या मनात गुन्हे दाखल केले होते. सगळ्यांना सोडून दिलं. एक-दोघांचं तोंड तसं संशयास्पदच आहे, पण पुरावा नाही.

आता नवी गोष्ट. परवा पुन्हा दाखवायला गेलो तर धम्मदीपनं राधीला उताणं झोपवलं, डाव्या बरगडीखाली बोटं टेकवली आणि म्हणाला, “मोठा श्वास घे.” तिनं घेतला. त्याची बोटं थबकली. नर्सला म्हणाला, “लिहा, पानथरी तीन बोटं.”

मला असं अर्धं वाक्य ऐकून राहवतं का? “कशाची तीन बोटं?”

म्हणाला, पानथरी म्हणजे प्लीहा; चांगल्या माणसाची ती बरगडीच्या आड असते, हाताला लागत नाही. हिची फुगून तीन बोटं खाली उतरली आहे.

“म्हणजे मेंढराला असती तीच पानथरी?”

“तीच, मावशी. माणसाला वेगळी कशाला देतील?”

घरी येऊन आबांना सांगितलं तर आबा उठून बाहेर गेले. तुला आठवत असेल, फाशी रोगानं मेंढरू गेलं की त्याची पानथरी दुप्पट होते, डांबरासारखी काळी. मेंढक्याच्या घरात हे लेकरालासुद्धा कळतं. आबांना वाटलं, पोरीला तेच. संध्याकाळी बघते तर त्यांनी मेंढरांचं वाडगं हलवून पार ओढ्याकडं नेलेलं. म्हटलं, “आबा, तुमच्या मेंढरांपासून राधीला भीती वाटली व्हय?” तर म्हणाले, “तिच्यापासून मेंढरांना.” नातीला बघायला मात्र दर तासाला येऊन बसतात.

डॉक्टरचं म्हणणं असं, की पानथरी आता पिकल्या सीताफळासारखी आहे. साल पातळ, आत सगळं रक्त. म्हणून धावायचं नाही, घागर उचलायची नाही, कबड्डीचं नाव काढायचं नाही आणि कुणाकडून पोट चोळून घ्यायचं नाही. फुटली तर जिवावर बेततं. हे शेवटचं त्यानं माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. अडाणी लोकांसाठी असल्या सूचना लागतातच.

आणि त्या किती लागतात बघ. दुसऱ्याच दिवशी आशाबाई हजर, एरंडेलाची वाटी घेऊन. गावातली सगळी पोटं तिच्या हाताखालून गेलेली.

“चांगुणे, पोरीला पानथरी आलीया म्हणं. पाच येळा चोळते, बसती जाग्यावर.”

“आशाबाई, तुझ्या हाताला गुण हाय. पण पानथरी फुटली तर?”

“मह्या हातानं आजवर कुणाचं काय फुटलं न्हाई.”

“ज्याचं फुटलं ते सांगायला येत नसंल.”

वाटी पदराखाली झाकून निघाली. जाता जाता फाटकाशी म्हणाली, “शिकल्याल्या बाईच्या घरी दुखणंबी शिकल्यालंच येतंय.” मी फाटकाला कडी घातली.

आक्का


साखरा, १७ ऑगस्ट

प्रभू,

बातमी चांगली आहे. ताप उतरला. घसा मोकळा. काल राधीनं दोन भाकरी आणि माझं डोकं खाल्लं.

डोकं खायचं कारण असं, की २६ तारखेला हिंगोलीत जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. मागल्या वर्षी ही एका चढाईत तिघींना बाद करून आली होती. (तुला कळवलं नव्हतं. तू कळवून घेत नव्हतास.) आता म्हणते, डॉक्टरनं पानथरी आत गेली म्हणून लिहून दिलं की मी जाणार. मी म्हटलं, सहा आठवडे सांगितलेत. ती म्हणते, “ते साऱ्यांसाठी सांगतेत. माझी लवकर बसंल. मी खेळाडू हाय.” बापाचीच लेक. तुलासुद्धा परीक्षेआधी वाटायचं की नियम बाकीच्या वर्गासाठी आहेत.

तर आमच्याकडं रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, मोजणी होते. आपल्या घराचा बोटांवर भरवसा तुला माहीतच आहे. आबा अजूनही मेंढीच्या पोटाला बोटं लावून सांगतात, एक आहे की दोन. चौदा गावचे लोक त्यांना बोलावून नेतात. डॉक्टरचं यंत्रसुद्धा शेवटी बोटंच निघाली म्हटल्यावर आपल्यासारख्यांना काय अवघड? भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिपण आहे. बारा तारखेला तीन. तेराला तीन. चौदाला पावणेतीन. आज अडीच. पाव बोट कसं मोजतात ते विचारू नकोस, शास्त्रात सगळं सांगता येत नाही.

राधी रोज डोळे मिटून विचारते, “किती?” आकडा कमी आला की तिचा दिवस चांगला जातो. तसाच राहिला की म्हणते, “नीट बघितलं का? अजून एकदा बघ की.”

धम्मदीपला कॅलेंडर दाखवलेलं नाही. एकदम शून्य झालं की दाखवू, चकित होईल.

म्हणजे तू काळजी करत असशील तर करू नकोस. करत नसशील तर पूर्वीसारखंच चालू ठेव.

आक्का


हिंगोली, दवाखान्याचा व्हरांडा, २२ ऑगस्ट

प्रभू,

आधी हे वाच : राधिका जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आज सकाळी तिनं चहा मागितला.

आता बाकीचं. बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास ती म्हणाली, डावा खांदा दुखतो. पोट नाही, खांदा. झोपून अवघडला असेल म्हणून मी बाम चोळला. नंतर म्हणाली, श्वास घेतला की जास्त दुखतो. मी आणखी बाम चोळला. अकराला ती पाणी प्यायला उठली आणि रांजणापाशीच बसली, बसली ती आडवी झाली. ओठ कागदासारखे पांढरे. अंग गार, घामानं ओलं. हरिचंदची जीप दारातच होती म्हणून वाचलो. हरिचंद म्हणजे तुझ्या वर्गातला, आता वडाप चालवतो. त्यानं भरलेलं गिऱ्हाईक रस्त्यात उतरवलं आणि जीप तशीच पळवली. सेनगावला धम्मदीपनं तिला जीपमधून खालीसुद्धा घेऊ दिलं नाही. नाडी बघितली, हाताला सलाइन लावलं, स्वतः शेजारी बसला आणि म्हणाला, “हिंगोली.”

पानथरी फुटली होती. पोटात दीड-दोन लिटर रक्त. इथल्या सर्जनबाईंनी लगेच आत घेतलं. त्या म्हणाल्या, ठेवता आली असती तर ठेवली असती, पण रक्त थांबेना, काढून टाकली. चार बाटल्या रक्त दिलं, त्यातल्या एकीच्या बदल्यात हरिचंदनं दिलं.

मी नंतर बाईंना विचारलं, फुटली पोटात, मग दुखला खांदा का? विचारल्याशिवाय मला राहवत नाही, अशा वेळीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, सांडलेलं रक्त वर जाऊन छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं; त्या पडद्याची आणि खांद्याची नस मेंदूकडं एकाच वाटेनं जाते, त्यामुळं मेंदूला कळत नाही की कळ कुठून आली. मी दोन तास भलत्याच जागी बाम लावत होते.

कशानं फुटली हे तू विचारशील. आबांनी सर्जनबाईंना सांगितलं, की मेंढीचं बघतो तसं दाबून बघितलं होतं म्हणून. बाई त्यांना फार बोलल्या. सगळ्या वॉर्डासमोर.

तुला कुणाच्याही फोनवरून फोन करता आला असता. केला नाही. फोनवर तू प्रश्न विचारले असतेस.

आक्का


साखरा, ४ सप्टेंबर

प्रभू,

हे पत्र तू उभ्यानं वाचू नकोस. गेटवर वॉचमनची खुर्ची असेल, ती माग.

तुझा फोन आला होता हे मला कळलं. मला नाही, हरिचंदच्या मोबाइलवर, आबांसाठी. हरिचंदनं जीप माळावर नेऊन मोबाइल आबांच्या कानाला धरला. तू काय बोललास ते त्यानं मला खाली मान घालून सांगितलं. “मेंढरं चाचपता चाचपता माझी लेक चाचपून फोडली. आता मेंढरातच मर. पंधरा तारखेला येतो, पोरगी घेऊन जातो, त्या दिवशी तोंड दाखवू नको.” आबा म्हणाले, “बराबर हाय तुझं.” आणि मेंढरं पुढं हाकली.

मागच्या पत्रातलं ते वाक्य आणून परत वाच. त्यात आबा काय म्हणाले ते आहे. काय झालं ते नाही. मोजणी मी करत होते, प्रभू. दहा तारखेपासून वीस तारखेपर्यंत, रोज, मी.

सुरुवात कशी झाली सांगते. धम्मदीपच्या बोटांखाली काय लागलं असेल, हे मला दोन दिवस सोडेना. म्हटलं, एकदाच. बरगडीखाली बोटं ठेवली, राधीला म्हटलं, श्वास घे. आणि ती खालून आली. मऊ कडा, हळूच बोटाच्या टोकाला टेकली, मेंढीच्या पोटातलं कोकरू ढुशी देतं तशी. प्रभू, मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, नवरा सोडला, लोकांची पत्रं वाचली, पण असलं नवल माझ्या हाताखाली कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेतली. पेन्सिल घेतल्यावर ते शास्त्र झालं, मग थांबवायचं कशाला? चोळायचं नाही असं डॉक्टर म्हणाला होता, आणि मी कुठं चोळत होते? चोळणाऱ्या बाईला तर मी दारातून परत धाडली होती.

आबांनी अडवलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारात काठी टेकून उभे राहिले. “चांगुणे, रोज रोज काय चाचपून राहिली? येकदा बघावं अन् सोडावं. परत परत हात लावल्याली मेंढी गाभडती, कोकरू टाकती.”

मी म्हटलं, “आबा, ही मेंढी न्हाई.”

“म्हून तर म्हणून राहिलो.”

मी हसले. मेंढक्याचं ज्ञान म्हणून हसले.

वीस तारखेला आकडा पुन्हा तीन आला. सहा दिवस राहिले होते. राधी म्हणाली, “नीट बघ, आत्या.” मला पण तो आकडा नको होता. मी बोटं खोल घातली, आणि तिला दोनदा, तीनदा श्वास घ्यायला लावला. तिनं “आई” म्हटलं. मी कॅलेंडरवर अडीच लिहिलं.

आता दवाखान्यातलं. सर्जनबाईंनी स्ट्रेचरपाशी मला धडाधड विचारलं. पडली का? खेळली का? कुणी मारलं? पोटाला काही लागलं? मी म्हटलं, “न्हाई. काहीच न्हाई.” बाई म्हणाल्या, “नीट आठवा, मला आत्ता कळायला हवं.” मी म्हटलं, “न्हाई.” त्या क्षणी मला राधी दिसत नव्हती. तू दिसत होतास, दारात, तिची बॅग उचलताना.

आबा मागं बाकड्यावर होते. उठले, हात जोडले. “म्या दाबलं, बाईसाहेब. मेंढीचं बघतो तसं. सकाळी. जोरात दाबलं.” बाई तेवढ्यानं वळल्या, पोटावर यंत्र फिरवलं आणि ओरडत आत गेल्या. नंतर बाहेर येऊन त्यांनी आबांना जे सुनावलं त्यात जनावर, अडाणी, अक्कल असे शब्द होते. आबा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. मी शेजारी उभी राहून सलाइनच्या बाटलीतले थेंब मोजत होते. मोजायची सवय वाईट.

घरी आल्यावर मी आबांना म्हटलं, “मी प्रभूला खरं लिहिते.”

“लिहू नको.”

“काहून?”

“तुला ते येकच लेकरू हाय. मला शंभर हायत.”

म्हणून तर लिहिते आहे. पंधरा तारखेला तू येशील तेव्हा आधी माळावर जा. ते तोंड दाखवणार नाहीत, कारण तू सांगितलंस ते करणारा माणूस आहे तो. तूच पुढं जाऊन बघ. माझ्याशी बोलायचं असेल तर नंतर. नसेल तरी चालेल.

पोरीचं सामान मी काढून ठेवलं आहे, आणि हे नीट ध्यानात घे. पानथरी नसलेल्या माणसाला एरवी काही होत नाही; जेवते, चालते, भांडते. पण साधा ताप तिला साधा नाही. थोडा जरी ताप आला, थंडी वाजली, की त्याच तासाला दवाखाना. रात्र बघायची नाही, वार बघायचा नाही, उतरतो का म्हणून थांबायचं नाही. काल चौदा दिवस झाले, हिंगोलीला नेऊन तीन लसी दिल्या. पुढच्या लसींच्या तारखा कार्डावर आहेत. कार्ड बॅगेच्या वरच्या कप्प्यात. सीमाला पण सांग. सावत्र आई म्हणून नाही, घरात जो कुणी असेल त्याला हे पाठ असायला हवं म्हणून.

अजून एक, आणि हे वरच्या सगळ्यापेक्षा जड आहे. सहा वर्षांपूर्वी तू न्यायला आलास तेव्हा मी बाहेर येऊन म्हणाले, “राधी येत न्हाई म्हणती.” तू ओट्यावर बसून होतास, अर्धा तास. मग गेलास. प्रभू, ती आत खेळत होती. मी तिला विचारलंच नव्हतं.

आज दुपारी सगळं तिला सांगितलं. हे पण, आणि दाबलेलं पण. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “दाबल्यालं तू मला काय सांगून राहिली? माझंच पोट व्हतं की.”

“अन् दवाखान्यात मी न्हाई म्हणले ते?”

“ऐकलं. स्ट्रेचरवर व्हते, मेले नव्हते.”

“मग बोलली काहून न्हाईस?”

“तू बोलतीस का बघून राहिले व्हते.”

दुसऱ्याचं मला ती काहीच बोलली नाही. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचं. उठली, भिंतीला धरून ओट्यापर्यंत गेली, बसली. पोटावर उशी धरून बसावं लागतं, टाके ओढतात. बराच वेळ बसली. मी आतच थांबले. अखेर मी विचारलं, सहा वर्षं उशिरा : “पप्पाकडं जातीस का?”

टाक्यांवर हात ठेवून तिनं विचारलं, “आत्या, पप्पाचं घर कितव्या मजल्यावर हाय?”

मला सांगता आलं नाही. कळव.

चांगुणा